वॉशिंग मशीनच्या नळावर डिशवॉशर तात्पुरता कसा जोडायचा?

डिशवॉशर घरी आला, पण ओट्याखाली ना पाण्याचा पॉइंट, ना आउटलेट. भाड्याच्या घरात भिंतही फोडता येत नाही. गडब, डोलवी, वडखळ या पट्ट्यात भाड्याने राहणारे बरेच आहेत, त्यांना हा प्रश्न येतोच. आमच्या गडबच्या घरी गणपतीत भांड्यांचा ढीग पडतो, म्हणून सध्या मी डिशवॉशर मागच्या पडवीत वॉशिंग मशीनच्या पॉइंटवर चालवतोय. किचनचं काम होईपर्यंत हे व्यवस्थित चालतं.

चांगली गोष्ट म्हणजे दोन्ही मशीनच्या इनलेट पाइपचा आटा बहुतेक वेळा सारखाच, पाऊण इंचाचा असतो. नळ बंद करा, वॉशिंग मशीनचा पाइप सोडवा, डिशवॉशरचा लावा. आत रबरी वॉशर आहे ना, ते बघा. आधी हाताने घट्ट करा, मग पान्याने किंचित. इथे टेफ्लॉन टेप लागत नाही, पाणी अडवायचं काम वॉशर करतो. दोन्ही मशीन जोडून ठेवायची असतील तर दोन कॉक असलेला वाय जोड घ्या. साध्या नळावर चार स्क्रूने बसवतात तो अडॅप्टर मात्र मला पसंत नाही. दाब आला की तो निसटू शकतो, आणि तुम्ही घरात नसाल तर पडवीभर पाणी.

काही डिशवॉशरच्या पाइपला नळाच्या टोकाशी प्लास्टिकचा मोठा डबा असतो. त्यात विजेवर चालणारा व्हॉल्व्ह आहे. तो पाइप कापू नका, डबा पाण्यात बुडवू नका.

खरी अडचण: दाब

मॅन्युअलमध्ये पाण्याचा किमान दाब दिलेला असतो, साधारण ०.३ किंवा ०.५ बार. १ बार म्हणजे सुमारे १० मीटर उंचीचं पाणी. म्हणजे ०.३ बारसाठी टाकीतलं पाणी नळापेक्षा ३ मीटर तरी वर हवं, ०.५ साठी ५ मीटर. बैठ्या घराच्या स्लॅबवर ठेवलेली टाकी इथे काठावर पास होते, आणि टाकी अर्धी झाली की नापास! मशीन मग पाण्याचा एरर दाखवून थांबते आणि आपण कंपनीला शिव्या देतो. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून १० लिटरची बादली भरून बघा. मिनिटाच्या आत भरली तर बहुधा काळजी नाही. नाहीतर टाकी स्टँडवर चढवा किंवा छोटा प्रेशर पंप लावा.

आउटलेटचा पाइप मोरीत नुसता जमिनीवर टाकू नका. तो खाली राहिला तर सायफन होऊन धुण्याचं पाणी मध्येच निघून जातं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीपर्यंत पाइप वर नेऊन बांधा, मग खाली सोडा. पाणी गरम आणि तेलकट असतं, त्यामुळे जाळी आठवड्याला साफ करा. केळीच्या आळ्यात हे पाणी सोडायचा मोह होतो, पण डिटर्जंट अल्कधर्मी असतं, नकोच.

विजेचं मात्र अजिबात तात्पुरतं चालत नाही. हीटरमुळे मशीन २००० वॅटच्या आसपास ओढते, म्हणजे जवळपास ९ अँपिअर. ६ अँपिअरचा सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाद. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेटच हवा, आणि पडवीत पावसाचे शिंतोडे त्यावर येता कामा नयेत. गरम पाण्यावर चालणारी वॉशिंग मशीन त्याच वेळी लावू नका. अर्थिंगबद्दल शंका असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बोअरचं पाणी जड असेल तर डिशवॉशरचं खास मीठ भरा. पेणच्या मिठागरांचं मीठ कितीही चांगलं असलं, तरी ते जेवणातच! त्यातल्या इतर क्षारांनी सॉफ्टनर खराब होतो.

पहिला राउंड रिकामा चालवा. जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा. थेंब पडला तर लगेच कळतो. राउंड संपला की नळ बंद.