हंगाम संपल्यावर

रणजी ट्रॉफीचा हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्ये संपतो आणि सोलापुरात नेमका तेव्हाच उन्हाचा हंगाम सुरू होतो. मग एप्रिल-मेच्या ४२-४३ डिग्रीत दुपारी घराबाहेर पडायचं नाही, आणि आत बसून करायचं काय, तर गेल्या हंगामाचा हिशोब! आमच्याकडे हा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालत आलाय. त्यातूनच डोक्यात बसलेली एक गोष्ट आज सविस्तर लिहायचीय. ती अशी की, कुठल्याही संघाचा इतिहास आपण हंगामाच्या स्कोअरकार्डावरून वाचतो, पण तो खरा घडतो तो दोन हंगामांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत. कोण राहिला, कोण गेला, कुणाला नोकरी मिळाली, कुणाला कुणी बोलावून घेतलं. आपल्या महाराष्ट्राच्या रणजी संघाचं तर हे अगदी ठळकपणे दिसतं.

आधी एक खुलासा, क्रिकेट न बघणाऱ्या नातेवाईक मंडळींसाठी. रणजीमध्ये 'महाराष्ट्र' म्हणजे अख्खा महाराष्ट्र नव्हे. मुंबईचा संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा. उरलेला जो भाग, म्हणजे पुणे, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, नाशिक, औरंगाबाद, जालना वगैरे, तो सगळा मिळून 'महाराष्ट्र'. त्यामुळे सोलापूरकराने जिवाला लावून घ्यायचा संघ हाच. आणि हा संघ रणजी चषक जिंकलाय फक्त दोनदा, १९३९-४० आणि १९४०-४१ साली. लागोपाठ दोन वर्षं, आणि त्यानंतर आजतागायत एकदाही नाही.

त्या दोन्ही वेळा कप्तान होते प्रा. दि. ब. देवधर. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे. १९४०-४१ च्या हंगामात मुंबईविरुद्ध पुण्यात जो सामना झाला त्यात महाराष्ट्राच्या ६७५ धावा आणि मुंबईच्या ६५०. देवधरांच्या एकट्याच्या २४६, वय वर्षं ४८! या वयात आपण जिना चढताना मध्ये थांबतो. :) आदल्या हंगामात सांगलीच्या विजय हजारेंनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ काढल्या होत्या, रणजीतलं ते पहिलं त्रिशतक. असा कप्तान आणि असा फलंदाज एका संघात असल्यावर चषक येणारच.

पण मग हंगाम संपला. तो काळ संस्थानिकांचा. महाराष्ट्राकडे खेळाडू होते, पण खेळाडूला पोटापाण्याची हमी देऊ शकणारा दरबार नव्हता. बडोदा, होळकर, नवानगर यांच्याकडे तो होता. हजारे बडोद्याला गेले. ज्या संघाविरुद्ध त्यांनी ३१६ केल्या त्याच संघाकडून १९४६-४७ च्या फायनलमध्ये, होळकरविरुद्ध, त्यांनी गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागीदारी केली आणि चषक बडोद्याला मिळाला. यात हजारेंची काहीच चूक नाही. माणसाला घर चालवायचं असतं.

भाऊसाहेब निंबाळकरांची कथाही याच जातीची. कोल्हापूरचा माणूस. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडायला आणखी १० धावा हव्या होत्या, पण काठियावाडच्या कप्तानाने, म्हणजे राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळायलाच नकार दिला. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याच हंगामात पुढे काय झालं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. सेमीफायनलला महाराष्ट्राची गाठ पडली मुंबईशी. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एका सामन्यात २३७६ धावा! महाराष्ट्राने दोन डावांत हजारावर धावा केल्या आणि तरीही ३५४ धावांनी हरला. निंबाळकर कारकिर्दीत बडोदा, होळकर, रेल्वे अशा संघांकडूनही खेळले. कसोटी मात्र एकही नाही.

त्यानंतर महाराष्ट्राने फायनल गाठली ती १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये. वीस-बावीस वर्षांनी एकदा, धूमकेतू दिसावा तशी. १९७१ ची तर हातातली होती. आपल्याकडे कप्तान चंदू बोर्डे, आणि मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर ही सगळी मंडळी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर. मुंबईचा दुसऱ्या फळीचा संघ, सुधीर नाईक कप्तान. तरीही ४८ धावांनी हरलो. मुंबईचं मोठेपण मला त्या सामन्यात दिसतं. त्यांचे पाच गेले तरी मागे पाच उभे होते. १९९३ ला लुधियानात पंजाबकडून हरलो, पंजाबचा तो पहिलाच चषक.

आता २०१३-१४ विषयी, कारण तो हंगाम आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला. महाराष्ट्र तेव्हा 'क' गटात होता, म्हणजे खालच्या पायरीवर. कप्तान रोहित मोटवानी, कोच नव्वदच्या दशकातले आपले सलामीचे फलंदाज सुरेंद्र भावे. त्या गटातून वर येऊन क्वार्टर फायनलला समोर मुंबई, तीही वानखेडेवर. मुंबई ४०२, आपण २८०. इथे बहुतेकांनी टीव्ही बंद केला असणार. पण दुसऱ्या डावात मुंबई १२९ वर गुंडाळली आणि आपण २५२ चं लक्ष्य दोन गड्यांच्या मोबदल्यात गाठलं. केदार जाधव नाबाद १२०, जालन्याचा विजय झोल नाबाद ९१. सेमीफायनलला इंदूरमध्ये बंगालला दहा गडी राखून हरवलं.

केदार त्या हंगामात सगळ्या देशात सर्वाधिक धावा करणारा ठरला, १२२३. त्याचा जन्म पुण्याचा, पण घराणं मूळचं आपल्या जिल्ह्यातलं, माढा तालुक्यातल्या जातेगावचं. त्यामुळे त्याच्या प्रत्येक धावेत सोलापूरकर आपला हिस्सा मागतो. २०१७ च्या जानेवारीत गहुंज्याला इंग्लंडविरुद्ध ३५१ चा पाठलाग करताना ४ बाद ६३ वरून कोहलीबरोबर जे १२० त्याने काढले, ते बघताना सोलापुरात सगळेच एकदम त्याचे गाववाले झाले होते.

फायनल हैदराबादला, कर्नाटकविरुद्ध. आपण ३०५, अंकित बावणेच्या ८९. कर्नाटक ५१५, त्यात के. एल. राहुल १३१ आणि गणेश सतीश ११७. आपण पुन्हा ३६६, केदार ११२. कर्नाटकने ३ बाद १५७ करून सात गडी राखून सामना जिंकला. सरळ हार. रडायला अंपायर नाही, पाऊस नाही, काही नाही. समोरचा संघ चांगला होता, बास.

मंडळी, त्या धावफलकातलं एक नाव लक्षात ठेवा, गणेश सतीश. २०१४ च्या उन्हाळ्यात, सगळे हंगामाचा हिशोब करत बसले असताना, हा खेळाडू कर्नाटक सोडून विदर्भाकडे गेला. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि तोवर एकदाही फायनलपर्यंत पोचला नव्हता. त्यांनी काय केलं? अकादमीत आपली पोरं वाढवली, बाहेरून दोन-तीन अनुभवी माणसं आणली. आधी सतीश, मग वसीम जाफर. २०१७ ला चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले. २०१७-१८ मध्ये विदर्भ पहिल्यांदा फायनलला गेला आणि दिल्लीला हरवून चषक घेऊनच परतला. पुढच्या वर्षी पुन्हा. २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. या तिसऱ्या वेळी फायनलमध्ये शतक ठोकणारा करुण नायरही मूळचा कर्नाटकचाच, २०१३-१४ च्या त्याच हंगामात पदार्पण केलेला. आणि त्याच २०२४-२५ च्या हंगामात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम करणारा हर्ष दुबे मात्र विदर्भाच्याच तालमीत तयार झालेला.

नागपूरच्या आमच्या नातेवाईकांना हा परिच्छेद वाचून जो आनंद होईल तो त्यांनी फोन करून कळवू नये, ही नम्र विनंती.

आणि आपण? २०१४-१५ ला वरच्या गटात गेलो, सेमीफायनलपर्यंत पोचलो, तिथे तमिळनाडूला पहिल्या डावातली आघाडी दिली आणि बाहेर पडलो. म्हणजे फायनलचा संघ लगेच कोसळला असं अजिबात नाही. पण केदारचं लक्ष साहजिकच भारतीय संघाकडे गेलं, गोलंदाज वयाने वाढले, आणि जाणाऱ्याच्या मागे कोण, या प्रश्नाचं उत्तर मुंबईसारखं तयार नव्हतं. त्यानंतर फायनल नाही.

आता सोलापूर. कसोटीत द्विशतक करणारा पहिला भारतीय कोण? पॉली उम्रीगर, १९५५, हैदराबाद, न्यूझीलंडविरुद्ध २२३. जन्म सोलापूरचा, १९२६ सालचा. शाळेत असतानाच कुटुंब मुंबईला गेलं आणि पोरगं मुंबईचं झालं. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे नागालँडकडून खेळायला गेली, २०२२ मध्ये टी-ट्वेंटीत ७६ चेंडूंत नाबाद १६२ करून तिने सगळ्या देशाला आपलं नाव लिहायला शिकवलं आणि त्याच वर्षी भारताकडून खेळली. पुढे ती महाराष्ट्राकडे परतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ३४ चेंडूंत शतक केलं. अर्शिन कुलकर्णी सोलापूरचा, २००५ चा जन्म, १९ वर्षांखालील विश्वचषक खेळला. जानेवारी २०२५ मध्ये विजय हजारे स्पर्धेच्या क्वार्टर फायनलला पंजाबविरुद्ध त्याने १०७ केल्या. त्या स्पर्धेच्या सेमीफायनलला आपण हरलो, कुणाकडून ते सांगायला नकोच, विदर्भाकडून.

जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पार्कवर, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियमवर, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर हा रणजी सामना झाला. गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर, शहरात आधीच लगबग. मणिपूर २०१८-१९ पासून रणजी खेळू लागलेला संघ, आपण जिंकलो, त्यात विशेष काही नाही. विशेष हे की पार्कवर नेट लावणाऱ्या पोरांना स्वतःच्या संघाची माणसं शंभर फुटांवरून बघायला मिळाली. असा एक सामना दहा शिबिरांचं काम करतो असं माझं मत आहे.

२०२५ च्या पावसाळ्यात उलटा वारा वाहिला. मुंबईचा पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे आला, जलज सक्सेना आला. विदर्भाच्या पहिल्या विजेतेपदाच्या फायनलमध्ये हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी त्याआधीच आला होता. देवधरांच्या वेळी आपल्याकडून माणसं जात होती, आता आपल्याकडे येऊ लागली. ऑक्टोबरमध्ये केरळविरुद्ध पहिल्याच सामन्यात फलकावर धाव लागायच्या आधी आपले तीन गडी बाद! तिथून ऋतुराज गायकवाडच्या ९१ आणि सक्सेनाच्या ४९ नी सावरलं. पुढच्या सामन्यात चंडीगडविरुद्ध शॉने २२२ ठोकल्या.

छान वाटलं, नाही कशाला म्हणा! पण बाहेरून आणलेला खेळाडू म्हणजे विहिरीत ओतलेला टँकर, हे आम्हा सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. टँकरने उन्हाळा निघतो. विहिरीला पाणी लागायचं तर आधी खोदावं लागतं. विदर्भाने टँकर मागवला आणि त्याच वेळी खोदतही राहिला, म्हणून तीन चषक. आपल्याकडे खोदायला जागा भरपूर आहे. जालना, पैठण, माळशिरस, माढा. प्रश्न इतकाच की पंधरा वर्षांच्या पोराला चांगलं नेट मिळवण्यासाठी घर सोडून पुण्यात खोली घ्यावी लागते की नाही. ज्या घराला ती परवडते त्या घरातला पोरगा पुढे जातो. ज्याला परवडत नाही तो मे महिन्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा मारतो आणि जूनमध्ये कामाला लागतो. त्याचं नाव कुठल्याच स्कोअरकार्डात सापडत नाही, म्हणून तो इतिहासातही नाही.

तेव्हा पुढचा हंगाम कसा जाईल असं मला विचारलंत तर मी संघाची यादी बघणार नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा वाजता, ऊन चढायच्या आत, पार्कवर किती नेट लागलेत ते मोजून सांगेन.