पाकिटावरचा दवाखाना : जुनी टपाल तिकिटं आणि मराठवाड्याचा वैद्यकीय इतिहास

सोलापूर-धुळे रस्त्यावरच्या या वडीगोद्रीत आज आपण टपालाच्या निमित्ताने रोगराईचा इतिहास बघणार आहोत. कोणी म्हणेल, तिकिटाचा आणि तापाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या घरातल्या जुन्या पेट्यांपर्यंत येऊन पोचतो.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. तिकीट हे सरकारचं बोलणं असतं. सरकारला काय मिरवायचं आहे, ते तिकिटावर छापलेलं असतं. पाकीट मात्र माणसाचं बोलणं असतं. कोणी कोणाला लिहिलं, कुठून लिहिलं, कोणत्या तारखेला लिहिलं, आणि शिक्क्यावरून पाहिलं तर पोचायला किती दिवस लागले, हे सगळं पाकीट सांगतं. इतिहास लिहायचा तर दोन्ही हवीत.

हा सगळा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जालना जिल्हा तर १९८१ साली झाला, त्याआधी आपण औरंगाबाद जिल्ह्यात. निजामाचं टपाल खातं स्वतंत्र होतं, तिकिटं त्याची स्वतःची होती, आणि ते खातं भारतीय टपालात विलीन झालं १ एप्रिल १९५० ला. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी संस्थानातल्या संस्थानात पत्र टाकलं, तर त्यावर निजामाचं तिकीट लागायचं.

१९३७ साली मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त चार तिकिटं निघाली. एकावर उस्मानिया विद्यापीठ, एकावर ज्युबिली हॉल. उरलेल्या दोनांवर काय होतं? दवाखाने! चार पैच्या तिकिटावर युनानी दवाखाना, आठ पैच्या तिकिटावर उस्मानिया रुग्णालय. राजाच्या उत्सवाची चार तिकिटं आणि त्यातली निम्मी दवाखान्यांची, ही साधी गोष्ट नाही. हकिमाची विद्या आणि डॉक्टरची विद्या, दोन्हींना राजाश्रय आहे, असं त्या कागदाच्या चिटोऱ्यातून सांगितलं जात होतं. उस्मानियाच्या इमारतीमागेही एक आपत्ती आहे. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसं गेली, जुना सरकारी दवाखानाही गेला. त्यानंतर मुसीच्या काठावर व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे ही भव्य इमारत उभी राहिली.

पण आता वडीगोद्रीकडून बघा. इथल्या माणसाला तो दवाखाना कसा दिसत होता? आठ पै मोजले की चित्र हातात यायचं. खरा दवाखाना गाठायचा तर आधी बैलगाडीने जालना आणि तिथून पुढे हैदराबादपर्यंत रेल्वे. तापाने फणफणलेल्या बाळंतिणीला घेऊन हा प्रवास कोण करणार? तिकीट घरापर्यंत आलं, दवाखाना आला नाही. तिकिटांवरून इतिहास वाचताना हे अंतर विसरलं की आपण राजाच्याच नजरेने बघायला लागतो.

दुसरं उदाहरणही निजामाच्याच मुलखातलं. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. रॉस इकडे, आणि त्यांना दिशा दाखवणारे पॅट्रिक मॅन्सन लंडनला. दोघांमधलं हे संशोधन वर्षानुवर्षं पत्रांतून चाललं. हिवतापाचं कोडं सुटलं त्यात सूक्ष्मदर्शकाइतकाच टपालाच्या थैलीचाही वाटा आहे.

टपाल खात्याने औषधही विकलं आहे. बंगालात १८९२ पासून पोस्टात एका पैशाला कोयनेलची पुडी मिळू लागली, पुढे ही पद्धत इतर प्रांतांतही गेली. दवाखाना नसलेल्या गावी पोस्ट होतं, म्हणून पोस्टमास्तरच्या हाती औषध दिलं. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि १९५५ च्या पंचवार्षिक योजनेच्या तिकिटांत चक्क डास आला. धरण, चरखा, रेल्वे इंजिन यांच्या पंगतीत डास!

आता प्लेगकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. या एका साथीची तीन भारतीय तिकिटं शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिलं १९६४ चं, वाल्देमार हाफकिन यांचं. त्यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. दुसरं १० मार्च १९९८ चं, सावित्रीबाई फुले यांचं. १० मार्च हा त्यांचा स्मृतिदिन. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १८९७ साली त्या प्लेगनेच गेल्या. तिसरं २०१८ चं, दामोदर हरी चापेकर यांचं. प्लेगच्या नावाखाली घरात घुसणाऱ्या सोजिरांविरुद्धच्या संतापातून २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली. साथ तीच. शास्त्रज्ञ, सेविका आणि बंडखोर असे तीन चेहरे, आणि ते तिकिटावर यायला अनुक्रमे सदुसष्ट, एकशे एक आणि एकशे एकवीस वर्षं लागली. समाज कोणाची आठवण आधी काढतो आणि कोणाची उशिरा, हेही तिकिटं सांगतात.

पण या तिन्हींत रोगी कुठे आहे? तो तिकिटावर कधीच येत नाही. तो असलाच तर पाकिटात असतो. आणि नेमकं तेच आपण गमावलं आहे. आपल्याकडची रीत आठवा. मयताची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. कोपरा फाटका दिसला की वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. आणि असं कार्ड घरात ठेवायचं नाही, वाचलं की फाडून टाकायचं. पटकी, देवी, प्लेग, १९१८ ची मानमोडी, या साथींत गावोगाव किती कार्डं फिरली असतील! मृत्यूची सगळ्यात खरी नोंद ज्या कागदावर होती, तोच कागद आपण श्रद्धेने नष्ट केला. रीत दुःखातून आली, तिला दोष देता येत नाही. पण त्यामुळे खेड्यातल्या साथींचा इतिहास बहुतेक सरकारी दप्तरातूनच लिहावा लागतो.

म्हणून एक विनंती. घरात जुनी पत्रं असतील तर हौसेने तिकीट कापून घेऊ नका. कापलेल्या तिकिटाला बाजारात थोडी किंमत असेल, इतिहासाला त्याचा उपयोग फार कमी. पाकीट, शिक्का, पत्ता, आतला मजकूर एकत्र राहू द्या. तारीख आणि गाव वहीत उतरवून ठेवा. पत्रात तब्येतीचं काही असेल, कोणाला ‘दम लागतो’, कोणाला ‘हिवाची पाळी’, तर ते शब्द जसेच्या तसे लिहा. आजचं डॉक्टरी नाव आपण चिकटवू नका. आणि क्षयाची, महारोगाची गोष्ट असेल तर त्या घरच्यांना विचारल्याशिवाय नाव बाहेर काढू नका. ज्या दुखण्यांपायी माणसं वाळीत पडली, त्यांच्या नातवंडांना आज पुन्हा त्याचा त्रास व्हायला नको.

एवढं बोलून थांबतो. कोणी जुनी पाकिटं सोबत आणली असतील तर पुढे या, आपण शिक्के एकत्रच वाचू.