निळी रेषा, लाल रेषा आणि आपला उंबरा: गावाचा पूरनकाशा कसा वाचायचा, कसा करायचा?

२७ जुलै २०१९. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. उल्हास नदी पात्र सोडून थेट रेल्वेरुळांवर आली होती. एनडीआरएफ, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी मिळून सुमारे १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढलं. टीव्हीवर दिवसभर ती गाडीच दिसत होती.

पण उल्हासचं पाणी बदलापूरला थांबत नाही. ते कल्याणवरून वसईच्या खाडीत उतरतं. या खाडीच्या काठावर भिवंडी तालुक्यातली कशेळी, काल्हेर ही गावं आहेत आणि थोडं आत, अंजूरफाट्याकडे जाताना पूर्णा आणि राहनाळ लागतं. पावसाळ्यात या पट्ट्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘नदीकाठच्या आणि खाडीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’

सतर्क राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? कुठल्या आळीतल्या लोकांनी आधी निघायचं? किती वाजेपर्यंत? कुठल्या रस्त्याने? या प्रश्नांची उत्तरं देणारा कागद म्हणजे पूरनकाशा. तो नेमका काय असतो, सरकारी नकाशात काय सापडतं आणि गावाला स्वतःचा नकाशा कसा करता येतो, हे समजून घेऊया.

पूरनकाशा म्हणजे काय?

साध्या भाषेत सांगायचं तर, पाणी कुठपर्यंत येऊ शकतं, किती खोल असेल आणि किती वेळा येण्याची शक्यता आहे, हे दाखवणारा नकाशा. पाणी येण्याची शक्यता हा त्यातला एक भाग. त्या पाण्यात कोण आणि काय सापडणार, हा दुसरा. रिकाम्या खाजणात चार फूट पाणी आलं तर फार कुणाचं नुकसान होत नाही. तेच पाणी तळमजल्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत शिरलं तर चित्र वेगळं असतं. दोन्ही भाग एकत्र ठेवले, तरच नकाशा उपयोगाचा ठरतो.

निळी रेषा आणि लाल रेषा म्हणजे काय?

महाराष्ट्रात नद्यांच्या पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. त्यातल्या दोन महत्त्वाच्या आहेत.

निळी रेषा: सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथपर्यंत पोहोचतं ती हद्द. नदी आणि निळ्या रेषेमधला भाग निषिद्ध क्षेत्र असतो. तिथे नवी घरं बांधता येत नाहीत. बाग, मोकळं मैदान, पार्किंग असे वापर चालतात.

लाल रेषा: सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. निळ्या आणि लाल रेषेमधला भाग नियंत्रित क्षेत्र असतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार इथे बांधकाम करता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट उंचीवर.

राहनाळ आणि आसपासच्या गावांसाठी नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए आहे. ‘भिवंडी परिसर अधिसूचित क्षेत्र’ या नावाने ६० गावं त्यात येतात. म्हणून इथे जागा, फ्लॅट किंवा गाळा घेताना सातबाऱ्यासोबत झोन दाखला मागा. विकास आराखड्यात आपल्या सर्व्हे नंबरवरून किंवा शेजारून कुठली रेषा जाते का, हे व्यवहाराआधीच विचारा.

‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे आता शंभर वर्षं निवांत?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. १०० वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर. २५ वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही.

आता हे गृहकर्जाच्या हिशोबात बघूया. कर्ज २० वर्षांचं असेल, तर निळ्या रेषेवरच्या घरात तेवढ्या काळात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के होते. लाल रेषेवरच्या घरासाठी ती १८ टक्के आहे. शिवाय हा हिशोब जुन्या पावसाच्या आणि प्रवाहाच्या नोंदींवर बेतलेला असतो. पावसाची तऱ्हा बदलली, पात्रात भराव पडला, तर रेषा कागदावर तिथेच राहते आणि पाणी पुढे सरकतं.

खाडीकाठच्या गावात पाणी कुठून येतं?

पूररेषा नदीचं पाणी मोजते. खाडीकाठच्या पट्ट्यात मात्र पाणी तीन वाटांनी येतं.

पहिली वाट नदीची. वर कर्जत, बदलापूर, शहापूरकडे जोरदार पाऊस झाला, धरणं भरून वाहू लागली, की उल्हास आणि तिच्या उपनद्या फुगतात. शहराच्या बाजूला कामवारी नदी आहेच. भिवंडीतला नदी नाका, खाडीपार, ईदगाह रोड ही नावं पावसाळ्याच्या बातम्यांत आपण वाचतोच.

दुसरी वाट भरतीची. वसईच्या खाडीत समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण मोठं असतं आणि मुंबईच्या किनाऱ्यावर ही मोठी भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येते. खाडीत आतपर्यंत पोहोचायला तिला आणखी वेळ लागतो. त्या वेळात नाल्याचं पाणी खाडीत उतरत नाही. उलट खाडीचं पाणी नाल्यात शिरतं.

तिसरी वाट थेट पावसाची. ठाणे-भिवंडी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन् मैल गोदामं आहेत. पूर्वी शेतात आणि खाजणात पाणी साचायचं, मुरायचं. आता ते पत्र्यावर पडतं आणि लगेच खाली येतं. एक एकर पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर साधारण ४ लाख लिटर पाणी जमा होतं. म्हणजे दहा हजार लिटरचे ४० टँकर. गोदामासाठी जमीन भराव टाकून उंच केलेली असेल, तर हे पाणी शेजारच्या खोलगट वस्तीकडे जातं. त्यात एखादी मोरी प्लास्टिकने तुंबली, की नदीला पूर नसतानाही घरात पाणी येतं.

तिन्ही वाटा एकाच वेळी उघडल्या तर? २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याला वाट न मिळण्यामागे भरती हेही एक कारण होतं.

सॅटेलाइट आहे, मग गावाने कशाला मोजायचं?

सॅटेलाइटचे नकाशे मोठ्या नदीखोऱ्यासाठी उत्तम आहेत. गल्लीसाठी ते अपुरे पडतात. जगभर मोफत मिळणारा आणि सर्रास वापरला जाणारा जमिनीच्या उंचीचा एक डेटा नासाच्या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये गोळा केला. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीचा साधारण ३० मीटर बाय ३० मीटरचा तुकडा. त्यात अख्खी चाळ मावते. उंचीतही काही मीटरची चूक असू शकते आणि दाट वस्तीत जमिनीऐवजी छपराची उंची मोजली जाते. म्हणजे गोदामाचं छप्पर नकाशात टेकाड म्हणून दिसू शकतं. २००० नंतर पडलेला भराव तर त्यात नाहीच.

मोबाईलमधली जीपीएसची उंचीही अशीच काही मीटरने चुकते. पाणी घोट्याला लागणार की छातीला, हा फरक एका मीटरचा असतो. तो मोजायला गावातलाच माणूस लागतो.

सांगली-कोल्हापूरकरांना आकडा कसा कळतो?

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर मोजतात. इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. पावसाळ्यात हा आकडा तिथे क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारला जातो.

या आकड्याची ताकद अशी, की लोकांना त्याचा अर्थ माहीत आहे. पाणी वाढू लागलं की कोल्हापुरात सुतारवाड्यातली आणि सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगरमधली कुटुंबं आधी हलवली जातात. किती फूट म्हणजे कुणाचा उंबरा, हे तिथे पाठ आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा याची मर्यादाही दिसली. पाणी ओळखीच्या खुणा ओलांडून गेलं आणि ‘आपल्याकडे कधी येत नाही’ म्हणणाऱ्यांच्या घरातही शिरलं. म्हणून ओळखीच्या खुणांच्या वरच्या पायऱ्याही नकाशात आधीच आखाव्या लागतात.

गावाचा पूरनकाशा कसा करायचा?

यासाठी सॉफ्टवेअर यायलाच हवं असं नाही. दहा-बारा जण आणि दोन-तीन रविवार पुरतात.

१. पाया तयार करा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गावनकाशा मिळतो. त्यावर घरं आणि गल्ल्या नसतात, म्हणून सोबत गूगल मॅप किंवा ओपनस्ट्रीटमॅपची मोठी प्रिंट घ्या. नाले, मोऱ्या, बांध, भराव टाकलेल्या जागा आधी पेनाने काढा.

२. पाण्याच्या खुणा शोधा. भिंतीवरचा डाग, दाराची कुजलेली चौकट, मीटरच्या पेटीवरचा गाळ. दहा घरांत विचारा: पाणी कुठपर्यंत आलं होतं, कुठल्या बाजूने आलं, किती वाजता आलं, किती वाजता उतरलं? जमिनीपासून टेपने मोजा. जुन्या मोबाईलमधले फोटो मागा, त्यात तारीख आणि वेळ सापडते.

३. सगळ्या खुणा एका पातळीवर आणा. एका घरातलं दोन फूट आणि दुसऱ्या घरातलं दोन फूट सारखं नसतं, कारण जोती वेगळी असतात. गवंडी जोत्याची पातळी काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. तीच घ्या. गावातली एक न हलणारी जागा, उदाहरणार्थ शाळेची पायरी, शून्य धरा आणि प्रत्येक खूण तिच्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे ते लिहा.

४. पट्टी रंगवा. मोरीच्या किंवा पुलाच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन, फुटांच्या खुणा रंगवा. पुढच्या पावसात पट्टीवर दोन फूट पाणी असताना कुठल्या गल्लीत शिरलं, तीन फुटांना कुठे, हे लिहीत जा. सोबत भरतीची वेळ टाका. एक-दोन पावसाळ्यांत गावाला स्वतःचा ‘आयर्विन पूल’ मिळतो.

५. माणसं आणि धोके दाखवा. तळमजल्यावरच्या खोल्या, अंगणवाडी, दवाखाना, विहिरी, बोअरवेल, महावितरणची डीपी, उघडी गटारं. मग कोरड्या राहणाऱ्या उंच इमारती आणि तिथे जायचे रस्ते.

६. तीन रंग भरा. आधी निघायचं, तयारीत राहायचं, आसरा द्यायचा. नकाशा ग्रामपंचायतीत, शाळेत, रिक्षा स्टँडवर लावा. ग्रामसभेत मांडला तर मोरी रुंद करणं, नालेसफाई अशी कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालायला तोच आधार होतो.

गोदामांचं काय?

या पट्ट्यातल्या काही गोदामांत रसायनं साठवली जातात. तिथल्या आगींच्या बातम्या नेहमी येतात, पण पुराच्या पाण्याची बाजू कमी बोलली जाते. पिंप तरंगून फुटलं तर रसायन पाण्यासोबत घरात, विहिरीत जाऊ शकतं. काही रसायनं पाण्याच्या संपर्काने पेट घेतात किंवा विषारी वायू सोडतात. म्हणून कुठल्या गाळ्यात काय आहे, हे नकाशात यायलाच हवं. ती यादी मिळवण्यासाठी ग्रामपंचायत, तहसील कार्यालय आणि अग्निशमन दलाला सोबत घ्या.

हमाल, ड्रायव्हर, पॅकिंग करणारे कामगार अनेकदा गाळ्यात किंवा जवळच्या खोल्यांत राहतात. बरेच जण परराज्यातले, मतदार यादीत नाव नसलेले. नकाशा करताना त्यांना विचारलं नाही, तर सगळ्यात खोल पाण्यात राहणारी माणसंच नकाशातून गळतात. सूचना हिंदीतही लिहा.

कुठे जपायचं?

अंथरुणाला खिळलेल्या किंवा गरोदर व्यक्तींची नावं ग्रुपवर टाकू नका. ती यादी आशा सेविका आणि ग्रामपंचायतीकडे ठेवा, नकाशावर फक्त घराला खूण करा. ‘या गल्लीत पाणी येतं’ असं छापलं की जागेचे भाव पडतील, अशी कुरबूर होणारच. तेव्हा प्रत्येक खुणेशेजारी मोजलेली उंची आणि तारीख लिहा, म्हणजे वाद अंदाजावर होणार नाही.

हा नकाशा सरकारी पूररेषेला पर्याय नाही. बांधकामाचा निर्णय त्याच रेषेवर होतो. आणि आजवरची सगळ्यात उंच खूण म्हणजे पाण्याची शेवटची मर्यादा नाही, म्हणून आसऱ्याची जागा तिच्यापेक्षा बरीच वर निवडा.

इशारा मिळाला की काय कराल?

मोठ्या नद्यांची पातळी केंद्रीय जल आयोगाच्या ‘फ्लडवॉच इंडिया’ ॲपवर दिसते. हवामान आणि आपत्तीचे अधिकृत इशारे ‘सचेत’ ॲपवर येतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि आपत्कालीन मदतीचा ११२. पाऊस, भरतीची वेळ आणि मोरीवरची पट्टी, तिन्ही एकत्र बघा. रात्रीची मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र येणार असेल, तर लाल रंगाच्या घरांनी अंधार पडायच्या आत निघावं. जाताना मेन स्विच बंद करा, कागदपत्रं आणि औषधं प्लास्टिकच्या पिशवीत घ्या.

खुणा मोजायला सगळ्यात चांगला काळ पाणी ओसरल्यानंतरचा पहिला आठवडा. तेव्हा भिंतीवरचा डाग ताजा असतो. भिंत धुण्याआधी टेप लावून एक फोटो काढा आणि त्यावर तारीख टाका.