घोडा एकाचा, स्वार दुसरा

वर्षाच्या सुरुवातीला हजेरीपट नव्यानं लिहायला घेतला की मला दरवेळी एक जुनी फौज समोरून जाताना दिसते. नालबंद, पखाली, शिलेदार, जमादार, बारगीर. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांची ही आडनावं. मुलांना त्यांचे अर्थ माहीत नसतात. यंदा आठवीच्या वर्गात एका मुलानं विचारलं, "सर, बारगीर म्हणजे काय?" त्याचंच आडनाव ते. मी काही बोलण्याआधी मागच्या बाकावरून उत्तर आलं, "ज्याच्याकडे स्वतःचा घोडा नाय तो!" वर्ग हसला. उत्तर बरोबर होतं, म्हणूनच त्या पोराचा चेहरा उतरला.

त्या दिवशी मराठीचा तास बाजूला राहिला.

आधी शब्द पाहू. फारसीत 'बार' म्हणजे ओझं आणि 'गीर' म्हणजे घेणारा. तिकडे बारगीर म्हणजे ओझ्याचं जनावर. आपल्याकडे येता येता तो शब्द जनावरावरून माणसावर आला, आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसून चाकरी करणाऱ्या स्वाराला बारगीर म्हणू लागले. स्वतःचा घोडा आणणारा तो मुघलांकडे 'खुदअस्पा'. मराठ्यांकडे तो शिलेदार, मूळ 'सिलाहदार', म्हणजे हत्यार बाळगणारा. सरकारी घोड्यांची ती पागा. हाच 'पायगाह' शब्द पुढे हैदराबादच्या पायगा अमीरांना चिकटला.

सभासदानं 1697 च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे माझ्या वर्गातले तीन बाक एका ओळीत! पागेचा जोर शिलेदारांपेक्षा जास्त ठेवला, शिलेदार पागेच्या हाताखाली ठेवले, म्हणजे कुणाला बंड करता येऊ नये, असंही सभासद सांगतो. हे वाक्य मी वर्गात दोनदा सांगितलं. ज्याच्याकडे स्वतःचा घोडा नाही त्याच्यावर राजाचा भरवसा जास्त होता. शिलेदार रुसला तर घोडा घेऊन निघून जाईल, बारगीर कुठे जाणार?

ही बाजू बारगिराच्या मानाची, आणि तिच्यातच त्याची लाचारीही आहे. मला दोन्ही दिसतात. वर्गात मात्र त्या दिवशी मी मानाचीच सांगितली.

पुढे अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर गेल्या. 1742 पासून 1751 पर्यंत, अलीवर्दीखानाशी तह होईपर्यंत, त्या स्वाऱ्या चालल्या. तिथल्या लोकांनी या स्वारांना 'बर्गी' म्हटलं. मूळ शब्द हाच, बारगीर. आजही बंगालात लेकरांना निजवताना बर्गींचं नाव निघतं. ज्यानं त्यांची घरं जाळली त्याच्या मांडीखालचा घोडासुद्धा त्याचा स्वतःचा नव्हता, हे त्या आयांना कुठून माहीत असणार.

शिलेदाराकडे एकापेक्षा जास्त घोडी असत. एकावर तो स्वतः बसे, बाकीच्यांसाठी त्याला माणसं शोधावी लागत. हे शोधणं सोपं नव्हतं. फार शूर माणूस नको, तो घोडा भाल्यांच्या रांगेत घालेल. फार भित्रा नको, त्याच्यामुळे हजेरीच्या वेळी नाक कापलं जाईल. दाणावैरणीचे पैसे खाणारा नको. म्हणून बहुतेक वेळा भाऊबंद, मेहुणा, गावचा माणूस. घोडा हीच सगळी पुंजी. तो पडला की शिलेदार पायउतार झाला, आणि पायउताराला स्वाराचा पगार कोण देणार? मुघल आणि मराठा दोन्ही फौजांबद्दल इतिहासकारांनी नोंदवलं आहे की स्वार जिवापेक्षा घोड्याला जपत. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी कधी कर्जावर गाडी घेतलेली नसावी.

घोड्यावरून फसवणूकही भरपूर होई. अल्लाउद्दीन खलजीनं डाग आणला, म्हणजे घोड्याला तापलेल्या लोखंडाची खूण. शेरशाहानं तो पुन्हा चालू केला आणि 1573 च्या सुमारास अकबरानं. घोड्याचा डाग आणि माणसाचा 'चेहरा', म्हणजे बापाचं नाव, गाव, रंग, अंगावरच्या खुणा असं वर्णन, दोन्ही दफ्तरात. घोडा मेला तर त्याचं 'सक़तीनामा' नावाचं प्रमाणपत्र लागे. (आपल्या मराठीतली सक्ती वेगळी. ती 'सख़्ती'वरून आली. ही 'सक़त'वरून, म्हणजे पडणं.)

याच काळातली एक गोष्ट मला फार आवडते. अब्दुल क़ादिर बदायुनी हा अकबरावर कायम चिडलेला इतिहासकार. तो लिहितो की उमराव हजेरीपुरते घोडे आणि माणसं उसनी आणत. मग अकबरानं माणसांना कपड्यांसकट, हातपाय बांधून तोलायला लावलं. अडीच-तीन मण भरत. चौकशी केली तर माणूस भाड्याचा, अंगावरचे कपडे मागून आणलेले, खोगीरही उसनं. बादशहाला हे सगळं कळत होतं. तरी तो म्हणे की उघड्या डोळ्यांनीच यांना पगार देतो, यांचंही पोट चाललं पाहिजे. बदायुनीनं हे टोमणा म्हणून लिहिलं असेल. मला त्यात अकबर मोठा दिसतो.

बदायुनी पुढे सांगतो की अकबरानं स्वारांचे प्रकार पाडले. दोन घोडेवाला दुअस्पा, एक घोडेवाला यकअस्पा, आणि तिसरा नीमअस्पा, अर्धा घोडेवाला. दोन स्वार मिळून एक घोडा ठेवायचे आणि ठरलेला पगारही वाटून घ्यायचे. सहा रुपये.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बीएडला होतो, आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण आमचे दादा नीमअस्पा होते.

त्यांना हा शब्द माहीत नव्हता. ते टांगा हाकायचे. घोडा त्यांचा आणि त्यांच्या एका दोस्ताचा, निम्मा-निम्मा. दादांनी वर्षभर भागीदार शोधला होता म्हणे. एक दारू पितो म्हणून नको, एक चाबूक फार चालवतो म्हणून नको. शेवटी हा मिळाला, मोहल्ल्यातलाच, नमाजी. सकाळची पाळी दादांची, दुपारनंतर त्याची. चंदी दोघांच्या पैशानं. दहा-बारा वर्षं नीट चाललं. मग एका उन्हाळ्यात संध्याकाळच्या पाळीत घोडा स्टेशनच्या चढावर बसला तो उठलाच नाही.

आता भांडण असं, की मारला कुणी? दोस्त म्हणायचा, सकाळी तुम्ही त्याला आधीच दमवला होता. दादा म्हणायचे, चढावर सहा माणसं बसवली कुणी? पाळी वाटून घेता येते, वैरण वाटून घेता येते, घोड्याचं मरण निम्मं-निम्मं कसं करायचं? दोघं मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. जुम्याला एकाच सफीत उभे राहायचे, कधी खांद्याला खांदा लागायचा, सलाम फिरवला की एक डावीकडच्या दारानं जायचा, एक उजवीकडच्या.

दादांना मी कधी विचारलं नाही की चूक कुणाची. आजी सांगायची, घोडा म्हातारा होता.

यावर फौजेनं एक तोड काढली होती. इंग्रजांच्या काळात शिलेदारी पद्धत 'सिल्लादार रिसाला' म्हणून चालू राहिली. 1857 नंतर तर हिंदी घोडदळाच्या बहुतेक पलटणी याच पद्धतीच्या होत्या. स्वार भरती होताना घोड्याची रक्कम भरायचा, त्या जागेला 'असामी' म्हणत. एकाच्या नावावर अनेक असाम्या असल्या तर बाकीच्यांवर बारगीर. दोन स्वारांत मिळून एक तट्टू आणि एक घासवाला असायचा. आणि दर महिन्याला प्रत्येकाच्या पगारातून 'चंदा' कापला जायचा. घोडा मेला की नवा घोडा या चंद्याच्या फंडातून. मग कुणाच्या पाळीत मेला हा प्रश्नच नाही, सगळ्या पलटणीचा थोडा थोडा मेला. पहिल्या महायुद्धात घोडे आणि माणसं इतकी पडली की कुठलाच चंदा पुरेना. 1921 च्या सुमारास पद्धत मोडली आणि घोडा सरकारचा झाला. सगळेच बारगीर झाले म्हणा ना.

तर हे सगळं वर्गात सांगून झालं, दादांचं सोडून. घंटा झाली, मुलं गेली. तो बारगीर मात्र टेबलाशी थांबला. म्हणाला, "सर, अब्बा दुसऱ्याची रिक्षा चालवतात. रात्रपाळी."

मी म्हटलं, "मग? मालक कसा आहे?"

"चांगलाय. पण मागच्या महिन्यात क्लच प्लेट गेली. मालक म्हणाला निम्मे तू दे. अब्बा म्हणाले, दिवसपाळीवाल्याकडून पण घ्या ना. तो म्हणतो, माझ्या पाळीत नाय गेली."

"मग कुणी दिले?"

"अजून कुणीच नाय. रिक्षा गॅरेजलाच आहे."