हरणाच्या शिंगाचें मीठ

स्वीडनमधील किराणा दुकानांत आजही एक लहानशी बाटली विकत मिळते. तिच्यावर ‘यूर्टहूर्नसाल्ट’, म्हणजे ‘हरणाच्या शिंगाचें मीठ’, असें नांव असतें. आंत शिंगाचा लवलेशही नसतो. असते ती एक पांढरी भुकटी. झांकण काढतांच डोळ्यांस पाणी आणणारा अमोनियाचा दर्प येतो. अशा या उग्र द्रव्यापासून स्वीडिश गृहिणी ‘द्रोम्मार’, म्हणजे ‘स्वप्नें’, या नांवाचीं बिस्किटें करतात. तीं जिभेवर ठेवतांच विरघळतात. बेकिंग पावडर घरोघरीं पोंचून कित्येक पिढ्या लोटल्या, तरी हें जुनें द्रव्य मागें कां पडलें नाहीं, हा प्रश्न रसायनाचा आहे, तसाच समाजाच्या इतिहासाचाही आहे.

हें नांव एके काळीं अक्षरशः खरें होतें. नर हरणांचीं शिंगें दरवर्षीं गळून पडतात. तीं बंद भांड्यांत तापवून निघणारी वाफ निवविली, कीं तेल, झोंबणारा अर्क आणि भांड्याच्या गार भागावर जमणारें पांढरें मीठ हातीं येई. आपल्याकडील वैद्य सांबरशिंग जाळून त्याचें भस्म करतात. म्हणजे अग्नींतून जें मागें उरतें तें घेतात. युरोपांतील औषधकारांनीं उलट जें उडून जातें तेंच पकडलें. सतराव्या शतकांत हा अर्क औषध म्हणून सर्वश्रुत होता, आणि मूर्च्छा आलेल्या माणसाच्या नाकाशीं असलेंच मीठ धरीत. पुढें नवसागर व खडू एकत्र तापवून हें मीठ करतां येऊं लागलें. एकोणिसाव्या शतकांत दगडी कोळशाच्या गॅसकारखान्यांतून विपुल अमोनिया मिळाला, आणि १९१३ मध्यें जर्मनींतील ओपाऊ येथें हाबर व बॉश यांच्या रीतीनें हवेंतील नत्रवायूपासून तो करण्याचा कारखाना सुरू झाला. शिंगें केव्हांच बाजूला पडलीं होतीं. नांव मात्र स्वीडिशप्रमाणेंच जर्मन, डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांतही हरणाचेंच राहिलें.

आतां या मिठाचें काम पाहावें. सुमारें ६० अंश उष्णतेपलीकडे तें फुटूं लागतें आणि त्याचा अमोनिया, कार्बनवायु व पाण्याची वाफ होते. तिन्ही द्रव्यें पीठ फुगवून निघून जातात. मागें क्षाराचा कणही उरत नाहीं. खाण्याच्या सोड्याचें तसें नाहीं. त्याचा अंश पदार्थांत राहतो, आणि त्यास आंबटाची जोड न मिळाल्यास साबणासारखी चव येते. ही अडचण दूर करण्यासाठींच सोडा व आम्ल यांचें कोरडें मिश्रण निघालें. इंग्लंडांत आल्फ्रेड बर्ड यानें १८४३ मध्यें अशी बेकिंग पावडर तयार केली. तथापि तिचेही क्षार मागें उरतातच. शिंगाच्या मिठाला मात्र एक कडक अट आहे. अमोनिया पाण्यांत फार लवकर विरघळतो. म्हणून जाड व ओलसर केकमध्यें तो अडकून बसतो आणि सारा पदार्थ नासवितो. लहान, कोरडें व खुसखुशीत बिस्किट असेल, तरच तो पूर्णपणें बाहेर पडतो. चाळीसएक बिस्किटांस चहाचा एक चमचा पुरतो, आणि पिठाचा कच्चा गोळा चाखून पाहावयाचा नसतो.

असें कोरडें, डब्यांत कित्येक दिवस टिकणारें बिस्किट स्वीडनमध्यें इतकें महत्त्वाचें कां झालें, याचें उत्तर कॉफीच्या इतिहासांत सांपडतें. १७५६ मध्यें तेथें कॉफीवर पहिली बंदी आली. ती उठली, पुन्हा आली, आणि हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत चालला. पुढें १८५५ मध्यें घरगुती गरजेसाठीं दारू गाळण्याचा शेतकऱ्यांचा हक्क काढून घेण्यांत आला, आणि पाहुण्यापुढें ठेवावयाचें पेय म्हणून कॉफीचें महत्त्व वाढलें. त्याच सुमारास स्वयंपाकघरांत लोखंडी चूल आली. मोठी भट्टी न पेटवितां थोडेंसें भाजणें तिच्यामुळें शक्य झालें.

यांतूनच ‘काफेरेप’, म्हणजे स्त्रियांची कॉफीची बैठक, रूढ झाली. मद्याची बैठक पुरुषांची. ही स्त्रियांच्या हक्काची. पण या हक्काबरोबर एक अलिखित कायदाही आला. टेबलावर सात प्रकारचीं बिस्किटें असलींच पाहिजेत! सातांहून कमी, तर यजमानीण कंजूष; अधिक, तर बडेजाव मिरविणारी. लोणी व साखर महाग, दिवस थंडीचे आणि मान सांभाळावयाचा, अशा स्थितींत आधीं भाजून ठेवतां येणारें बिस्किट हाच गृहिणीचा खरा आधार होता. त्या बाटलींतील मिठानें तिची अब्रू राखली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत स्वीडन तटस्थ राहिला, तरी १९४० पासून कॉफी, साखर, पीठ, लोणी हे जिन्नस शिधापत्रिकेवर मोजून मिळूं लागले. १९४५ मध्यें युद्ध संपलें, आणि त्याच वर्षीं ‘सात प्रकारचीं बिस्किटें’ अशा अर्थाच्या नांवाचें पाकपुस्तक प्रसिद्ध झालें. सामान्य घरांतील कृती त्यामुळें छापील झाल्या. त्याच्या आवृत्त्या आजवर निघत आहेत. आईच्या हाताकडे पाहून शिकावयाची विद्या अशा रीतीनें कागदावर उतरली.

या कथेंत अलीकडे एक नवी गोष्ट पुढें आली आहे. २००२ मध्यें स्वीडनमधीलच शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, पिष्टमय पदार्थ फार तापविले असतां त्यांत अॅक्रिलामाइड नांवाचें अपायकारक द्रव्य तयार होतें. अमोनियाच्या क्षारांनीं बिस्किटांत त्याचें प्रमाण वाढतें, असेंही पुढें आढळलें. मंद आंच ठेवावी आणि रंग गडद होऊं देऊं नये, हा त्यावरील एक उपाय. द्रोम्मार हीं १५० अंशांच्या आसपास, फिकट राहतील अशाच बेतानें भाजण्याची रीत आहे. ती नाजूकपणासाठीं पडली. आज तिला आरोग्याचेंही कारण मिळालें आहे.

स्वीडिश गृहिणींनीं हें मीठ केवळ जुनें म्हणून जपलें नाहीं. केकसाठीं त्यांनीं बेकिंग पावडर विनातक्रार स्वीकारली, पावासाठीं यीस्ट ठेवलें, आणि कोरड्या बिस्किटांचें काम ज्याचें त्याजकडेच राहूं दिलें. भारतांत विकल्या जाणाऱ्या बिस्किटांच्या कित्येक पुड्यांवर बारीक अक्षरांत ‘५०३’ हा आंकडा छापलेला असतो. तो अमोनियाच्या याच क्षारांचा आहे. येथें त्याला हरणाचें नांव कधीं लाभलें नाहीं. पण पीठ फुगवून निघून जाण्याचें काम तेंच आहे.