‘बॉरो’, ‘लेंड’ आणि आपले उसने-उधार-कर्ज

इंग्रजीतील ‘बॉरो’ हे क्रियापद शाळेत ‘उसने घेणे’ असे शिकवतात. अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. शेजाऱ्याची शिडी, वाचनालयातले पुस्तक आणि बँकेचे पाच लाख, या तिन्हींना इंग्रजीत ‘बॉरो’ चालते. आपण मात्र शिडी मागून आणतो, पुस्तक बदलून आणतो आणि पाच लाखांचे कर्ज काढतो.

मराठीत ‘उसने’ हा शब्द तोच राहतो, पुढे ‘घेणे’ की ‘देणे’ एवढाच फरक. इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे आहेत. घेणारा ‘बॉरो’ करतो, देणारा ‘लेंड’ करतो. म्हणूनच आपली मुले ‘बॉरो मी युवर पेन’ म्हणतात. तिथे ‘लेंड’ हवे. ‘लोन’ हे मुळात नाम, अमेरिकेत ते ‘लेंड’च्या अर्थाने क्रियापद म्हणूनही चालते. भाडे देऊन वस्तू आणली तर ते ‘हायर’ किंवा ‘रेंट’. आणि ‘ओ’ असा उच्चार असलेले क्रियापद म्हणजे देणे लागणे. ‘बॉरो’ एका दिवसात होऊन जाते, ‘ओ’ पैसे फिटेपर्यंत मागे राहते.

आपल्याकडे शब्द ठरतो तो परत काय जाणार यावर. वाटीभर साखर उसनी आणली तर तीच साखर परत जात नाही, तेवढीच दुसरी जाते. व्याजाचा प्रश्नच नाही. पैशांच्या अशा व्यवहाराला हातउसने म्हणतात. कन्नडमध्ये त्यालाच ‘कैगड’ म्हणतात. ‘कै’ म्हणजे हात, ‘कड’ म्हणजे उसने. दोन्ही भाषांनी हातच धरला आहे! उधारी दुकानातली, कन्नड ‘उद्री’. तिथे माल येतो आणि पैसे जातात. व्याज आले की ते कर्ज, कन्नडमध्ये ‘साल’. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम देतो ती उचल. ती पुढच्या मजुरीतून वळती होते. पैरा तर आणखी वेगळा. आज तुमची माणसे माझ्या शेतात, उद्या माझी तुमच्या. इथे ‘बॉरो’ लावून पाहा, बसत नाही. क्रियापदेही निराळी: उसने परत करतात, उधारी भागवतात, कर्ज आणि पैरा फेडतात.

वजाबाकीत दशकाकडून उसना घेतलेला एक कधीच परत जात नाही, आणि ‘उसने अवसान’ कोणाकडून आणले तेही कोणी सांगत नाही. पण ते असो.

शब्दांचा हा घोळ महागात पडतो तो कर्जाच्या कागदांवर. आपल्या भागात छापील अर्ज बहुधा कन्नड आणि इंग्रजीत असतात. ‘बॉरोअर’ म्हणजे कर्जदार, कन्नडमध्ये ‘सालगार’. ‘को-बॉरोअर’ म्हणजे सहकर्जदार. ‘गॅरंटर’ म्हणजे जामीनदार, कन्नड ‘जामीनुदार’. ‘बड्डी’ म्हणजे व्याज, ‘असलु’ मुद्दल, ‘कंतु’ हप्ता, ‘अडमान’ गहाण. ‘सालपत्र’ वाचून वर्षाचा काही कागद असेल असे समजू नये. ते कर्जरोखा आहे.

‘नुसती सही आहे, पैसे थोडेच घेतलेत’ हे वाक्य नोकरीत असंख्य वेळा ऐकले, बहुतेक वेळा वसुलीची नोटीस आल्यानंतर. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १२८ सांगते की करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला एरवी म्हणता येत नाही. सहकर्जदार तर स्वतःच कर्जदार. गंमत म्हणजे ‘बॉरो’ ज्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आला, त्याचा अर्थच तारण किंवा जामीन असा होता.

हातउसन्याचेही एक लक्षात असू द्या. परतफेडीची तारीख ठरवलेली नसेल किंवा ‘मागाल तेव्हा देईन’ एवढेच ठरले असेल, तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे पैसे दिल्या दिवसापासून ३ वर्षांत दावा करावा लागतो. मागणी केल्यापासून मुदत सुरू होते हा समज चुकीचा आहे. त्या ३ वर्षांच्या आत घेणाऱ्याने सहीनिशी ‘एवढे देणे लागतो’ असे लिहून दिले, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. नात्यातल्या माणसाकडे असा कागद मागायला जड जाते, तरी मागावा.