चालकावाचून, तेलावाचून

माल वाहणाऱ्या विमानाला चालकही नको आणि तेलही नको, ही कल्पना नवी वाटते. परंतु तिच्या मागचा प्रश्न बंगळूरला जुनाच आहे. मारतहळ्ळीच्या शेजारी, आजच्या जुन्या विमानतळाच्या परिसरात, सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये विमानांचा कारखाना स्थापिला. गटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णु माधव घाटगे तेथे आले. महायुद्धाच्या काळात त्यांनी सैनिक वाहून नेण्यासाठी दहा आसनांचे ग्लायडर रचले. त्याला इंजिन नव्हते. पण ते आकाशात ओढून नेणाऱ्या विमानाला तेल जाळावेच लागे.

पुढे याच नगरीतील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने बॅटरीवर चालणारे, आठ पंख्यांचे चालकरहित यान सिद्ध केले. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने चंदापुराहून हारगद्दे येथील आरोग्यकेंद्रास कोविडच्या लशीच्या ५० कुप्या पोचविल्या. अंतर सुमारे ७ किलोमीटर, वेळ सुमारे दहा मिनिटे.

मात्र त्याची वहनक्षमता १५ किलोंच्या आसपासच. कारण तेवढ्याच वजनाच्या बॅटरीपेक्षा विमानाच्या इंधनात चाळीस पटींहून अधिक ऊर्जा साठलेली असते. म्हणून टनावारी माल विजेवर दूरदेशी नेणे अद्याप कठीण आहे. परंतु लशीचे मोल वजनावर ठरत नाही, वेळेवर ठरते. ज्या खेड्यात औषध वेळेवर पोचते, तेथे पंधरा किलोंचे ओझे लहान नव्हे.